आवाज न करण्याच्या अटीवर

"ग्रंथ घरी जाणार नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"बरं, मग मी कीबोर्ड इथे आणतो."

"कीबोर्ड इथे येणार नाही."

एवढं बोलून त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं. तिच्याखाली, पहिल्या पाटीचा पुरेसा धाक बसला नसावा म्हणून, पुन्हा एकदा ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं.

माझी अडचण कोणाही समजूतदार माणसाला पटावी अशी होती. संगीतशास्त्राच्या त्या जाडजूड ग्रंथावर ‘संदर्भ विभाग’ असा शिक्का असल्यामुळे तो वाचनालयाच्या बाहेर पडू शकत नव्हता. आणि त्यातलं शास्त्र ज्यावर वाजवून बघायचं ते वाद्य आवाज करणारं असल्यामुळे वाचनालयात शिरू शकत नव्हतं. जिथे अक्कल होती तिथे आवाज नव्हता, जिथे आवाज होता तिथे अक्कल नव्हती. दोहोंच्या मधे बसचा रस्ता होता आणि बसमध्ये मी.

माझी आई कुठल्याही गोष्टीला दोन ओळी जोडून टाकायची. दूध उतू गेलं तरी दोन ओळी, पाहुणे उठता उठेनात तरी दोन ओळी. तिची ती खोड माझ्यात उतरली आहे. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना तोंडून निघून गेलं :

सूर माझा एकला गं, उभा घराच्या दारात,
त्याचे सोबती दोघं, कुलूपबंद कपाटात.

सोबती दोघं कोण, ते सांगायला हवं. कुठलाही सूर घ्यायचा, त्याच्यापासूनचा तिसरा आणि पाचवा सूर त्याच्या शेजारी बसवायचा आणि तिघांना एकदम वाजवायचं. सा घेतला तर ग आणि प. याला कॉर्ड म्हणतात. एखाद्या चालीतल्या सुरांना अशा कॉर्ड शोधून देण्यावर ग्रंथात एक अख्खं प्रकरण आहे. त्याचं पहिलंच वाक्य वाचून मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो : ‘एकटा स्वर आपण कोठून आलो व कोठे निघालो हे सांगू शकत नाही, सोबतचे स्वर ते सांगतात.’ शास्त्राच्या पुस्तकात असलं काही छापायचं तर आधी तशी सूचना द्यावी. माणूस बेसावध असतो.

चाल हिची होती. ही म्हणजे माझी बायको. कणीक मळताना, भांडी पुसताना, खिडकीची काच घासताना ती एकच चाल गुणगुणायची. शब्द नसायचे. कुठून शिकलीस म्हणून मी कधी विचारलं नाही. नळाचं पाणी कुठून येतं हे तरी कोण विचारतं? नळ बंद झाल्यावर विचारतात.

ती गेल्यापासून दर रविवारी दुपारी मुलीचा फोन थेट माझ्या हातात येतो. पूर्वी तो आईच्या हातात जायचा, आणि तिथून तासाभराने, गरम झालेला, माझ्याकडे यायचा. "बाबांशी बोल," असं म्हणून. तोवर सगळं बोलून झालेलं असायचं. मी विचारायचो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो बाबा." आमचं काम झालं. एवढ्या तयारीवर आता अख्खा फोन चालवायचा म्हणजे मोठीच पंचाईत. जेवलात का, औषध घेतलंत का, हवा कशी आहे. मग ती गप्प. मग मी गप्प. दूर देशातली शांतता इकडे ऐकू येते आणि इकडची तिकडे जाते.

एका रविवारी असाच गप्प असताना मी चष्मा शोधत होतो आणि शोधता शोधता नकळत गुणगुणलो. फोनमधून आवाज आला, "बाबा, हे आईचं ना?"

"हो. आईचंच."

"पुन्हा म्हणा ना."

मी पुन्हा म्हटलं. ती ऐकत राहिली. ‘ठेवू का?’ म्हणायची वेळ होऊन गेली तरी ठेवू का म्हणाली नाही. माझ्या अंगात वारं शिरलं. मी म्हटलं, "मी त्याला कॉर्ड लावतोय."

हे धादांत खोटं होतं. कॉर्ड हा शब्द ती लहान असताना कीबोर्डच्या शिकवणीहून घरी घेऊन आली होती, तेवढीच माझी आणि त्याची ओळख.

"तुम्ही? कॉर्ड?" ती हसली. किती महिन्यांनी हसली. "झालं की मला वाजवून दाखवा. मी रेकॉर्ड करून ठेवते."

आता मागे फिरायची सोयच उरली नाही.

मी जन्मभर वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतली वजनं बरोबर आहेत का, तराजूचा काटा मधे उभा राहतो का, हे बघण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे सरकारी नियमापुढे हात टेकणारा माणूस मी नव्हे. नियमाला वळसा घालायचा तर तो नियमानेच, हे मला ठाऊक आहे. मी वाचनालयाला रीतसर अर्ज केला. ‘शास्त्रीय पडताळणीसाठी वाद्य आणण्याची परवानगी मिळावी.’

ग्रंथपालबाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "आजोबा, वाद्य या सदरात आमच्याकडे काहीच नाही."

आजोबा! माझी मुलगी अजून आई झालेली नाही. मी तो घाव गिळला आणि विचारलं, "कोणकोणती सदरं आहेत?"

"छत्री, डबा, पाळीव प्राणी."

"मग?"

"वर पाठवते. वरून काय येईल ते येईल."

वरून येईपर्यंत इमारतीत बातमी पसरली. आमच्या इमारतीला कान फार. समोरच्या वहिनींनी दारातूनच सल्ला दिला, "भाऊजी, कशाला त्या पुस्तकाच्या मागे लागताय? मोबाइलवर सगळं मिळतं. माझा भाचा मोबाइलवर पोहायला शिकला." वरच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात, ते जिन्यात भेटले. त्यांनी माझी बोटं तपासली आणि म्हणाले, "करंगळी कमजोर आहे. तिला पाचव्या सुराचं काम देऊ नका." खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी मात्र मूळ मुद्द्याला हात घातला.

"चाल तुमच्या सौभाग्यवतींची. कॉर्ड तुम्ही लावणार. त्यांची संमती घेतली होती?"

"ती गेली, वकीलसाहेब."

"ते माहीत आहे हो. म्हणून तर विचारतोय. हयात असत्या तर लावू दिल्या असत्या का?"

मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, जेवण होईपर्यंत त्यावर विचार केला. ती म्हणाली असती, "तुम्हाला काय करायचंय ते करा, पण आधी पंखा पुसा." ही मी संमती धरली. पंखाही पुसला.

अखेर वरून उत्तर आलं. तसं टाइप केलेलं उत्तर मी नोकरीत असताना स्वतः कधी लिहू शकलो नाही, म्हणून इथे देतो : ‘अर्जदारास वाद्य आणण्यास हरकत नाही. मात्र ते आवाज न करण्याच्या अटीवर.’

म्हणजे वाद्य येऊ शकतं. वाजू शकत नाही.

मुलीचा कीबोर्ड कपाटावर पडून होता, हिने शिवलेल्या निळ्या खोळीत. तो काखेत घालून मी बसमध्ये चढलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "इस्त्रीचं टेबल का?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी वाजवून दाखवा म्हटलं असतं, आणि मला एका बोटाने हिची चाल वाजवण्यापलीकडे काहीही येत नव्हतं.

वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रंथ उघडला, शेजारी कीबोर्ड ठेवला, वायर खिशात ठेवली. ग्रंथात पाच रेघा आणि त्यांच्यावर ठिपके. खोळीच्या आतल्या बाजूला मुलीच्या शिकवणीतला तक्ता अजून चिकटवलेला होता : खालची रेघ म्हणजे ग, तिच्या वर म, असं. तो समोर धरून मी एकेक ठिपका वाचायचो आणि त्या त्या पट्टीवर बोट ठेवायचो. नवशिक्यांनी आरंभी तीन मुख्य कॉर्ड आत्मसात कराव्यात, असं ग्रंथ म्हणत होता. तिन्ही मेजर. मेजर म्हणजे हसऱ्या, मायनर म्हणजे उदास, एवढं मला आतापर्यंत कळलं होतं. ‘या तीन स्वरसमूहांनी मन प्रफुल्लित होते.’

मी प्रफुल्लित होऊन बोटं दाबत राहिलो. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा टप टप एवढाच आवाज. तोही बाईंनी एकदा चष्म्यावरून मोजून बघितला. रोज पेपर वाचायला येणारे एक म्हातारे गृहस्थ माझ्या समोर बसायचे. चार-दोन दिवस त्यांनी पेपराच्या वरून पाहिलं, मग पेपर खाली ठेवून पाहिलं. एके दिवशी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान वाजवता." मला इतकं भरून आलं की मी उठून त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. कीबोर्ड खिशातल्या वायरीला विचारत होता, हे कशाबद्दल?

तीनही कॉर्ड बोटांना पाठ झाल्या. मी घरी आलो, वायर जोडली, खिडक्या उघड्या टाकल्या. उजव्या हाताच्या एका बोटाने हिची चाल, डाव्या हाताने कॉर्ड. पहिली दाबली.

खोलीत संध्याकाळ झाली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण खोलीत झाली. मी दुसरी दाबली. जणू कोणी दूरच्या गावाला निघालंय आणि वळून बघत नाहीये. तिसरी दाबली तेव्हा माझा मलाच हुंदका आला. मनात म्हटलं, ग्रंथकार थोर आहेत, पण त्यांची प्रफुल्लित होण्याची कल्पना जरा वेगळी दिसते. तरी शास्त्र ते शास्त्र. मी नेटाने वाजवत राहिलो. सबंध दुपार.

दार वाजलं. समोरच्या वहिनी, पांढरी साडी, हातात चहाचा थर्मास. त्यांच्यामागे दंतवैद्य, मान खाली घालून. त्यांच्यामागे वकीलसाहेब, चपला बाहेर काढत.

"भाऊजी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"लपवू नका. जिन्यात सगळं ऐकू येतंय."

ते आत येऊन बसले. ही गेली तेव्हा ज्या जागी बसले होते त्याच जागी. वहिनी दाराजवळ, दंतवैद्य स्टुलावर, वकीलसाहेब पलंगाच्या कडेला. वहिनींनी चहा ओतला. मी लगेच खुलासा करायला हवा होता, पण केला नाही. इतकी माणसं खोलीत बसून कपांचा आवाज करत होती, ते जरा वेळ ऐकून घ्यावंसं वाटलं.

चहा संपल्यावर म्हटलं, "अहो, या आनंदाच्या कॉर्ड आहेत."

वकीलसाहेबांनी कप ठेवला. "याला आनंद म्हणत असतील तर ग्रंथकारावर दावा दाखल करण्यासारखं प्रकरण आहे."

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथाला जाब विचारायला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पहिलं पान उघडलं. मी सरळ कॉर्डच्या प्रकरणावर उडी मारली होती. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर फक्त आभार असतात अशी माझी समजूत. तिथे लिहिलं होतं की रेघांच्या सुरुवातीला जे वेटोळं काढलेलं असतं त्यावरून रेघांची नावं ठरतात. उजव्या हाताचं वेटोळं वेगळं, डाव्याचं वेगळं. वेटोळं न बघता सूर वाचू नयेत. आणि मी त्या वेटोळ्याला नक्षी समजत होतो! उजव्या हाताच्या तक्त्याने मी डाव्या हाताचे ठिपके वाचले होते. सा-ग-प च्या जागी माझी बोटं ध-सा-ग वर पडत होती. तिन्ही हसऱ्या कॉर्ड, एकूण एक, उदास होऊन बाहेर पडत होत्या.

वजनावरचा शिक्का न बघता मी उभ्या नोकरीत एकही वजन उचललं नाही. आणि इथे शिक्का समोर छापलेला असताना त्याला नक्षी म्हटलं, सबंध इमारतीला सुतक लावलं, आणि वहिनींचा चहा प्यालो. मी कुणाला काही बोललो नाही. ग्रंथ मिटताना जरा जोरात मिटला, तेव्हा बाईंनी पाटीकडे बोट केलं.

चूक कळल्यावर माणसाने थोडं नरमावं. पण मी पेटलो. तीनच कॉर्ड का म्हणून? ग्रंथात पुढे सातही सुरांच्या सात कॉर्ड मांडल्या होत्या. प्रत्येक सुराला त्याचे त्याचे दोन सोबती. हे मला फार न्याय्य वाटलं. एका सुराला द्यायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही. मापात पाप मी कुणाला करू दिलं नाही. हिच्या चालीत जेवढे सूर होते तेवढ्या कॉर्ड मी बसवल्या. सूर निघाला की कॉर्ड निघाली, सूर एक पाऊल वळला की कॉर्डही वळली, सूर नुसता दम खायला थांबला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं खाडकन उभे.

वकीलसाहेब वर आले. "साहेब, जिन्यातून कपाट खाली नेताय का?"

"हिची चाल आहे ती."

"मग तिला जरा चालू द्या. तुम्ही तिला पोलीस बंदोबस्तात नेताय."

मला राग आला. पण ते गेल्यावर पुन्हा वाजवलं आणि कळलं की खरंच, ती कुठेच दिसत नव्हती. भांडी पुसता पुसता जी सहज निघायची, ती माझ्या तीन-तीन पट्ट्यांच्या गर्दीत पार हरवून गेली होती.

शिवाय खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. चाल संपत नव्हती. ग्रंथाचं म्हणणं असं की गाणं कितीही भटकलं तरी अखेर सा वर परततं, म्हणून सा ला ‘घर’ म्हणतात, आणि शेवटची कॉर्ड घरचीच लागते. हिची चाल वर चढायची, जराशी झुलायची, उतरायला लागायची आणि रे वर येऊन थांबायची. सा च्या अलीकडे. दारात पाऊल ठेवून आत न येणाऱ्या माणसासारखी. मी सगळ्या आठवणी धुंडाळल्या. पेपर बाजूला ठेवला, डोळे मिटले, स्वयंपाकघरातली ती पाठमोरी आठवून बघितली. दर वेळी रे. त्याच्या पुढे नळाचा आवाज, किंवा काहीच नाही.

मग मी सगळ्यांना विचारलं. दंतवैद्य म्हणाले, "शेवटचा सूर हलतोय ना? काढून टाका. त्रासच जातो." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही रोज गुणगुणता तेव्हा मी दारातून ऐकते. तिथे आल्यावर मला कसंतरीच होतं. काहीतरी लावा बाई तिथे." वकीलसाहेब म्हणाले, "प्रकरण प्रलंबित ठेवा. कोर्टात निम्मी तशीच असतात, काही बिघडत नाही."

मी वहिनींचं ऐकलं. रे नंतर घरची कॉर्ड, सा-ग-प, दाबून टाकायची. कोणी मागे लागलंय म्हणून घाईघाईने कडी लावावी तशी ती वाजायची. पण निदान दार बंद व्हायचं.

रविवार आला. मी दाढी केली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. ‘ऐकायला आलो नाही, सहज आलो’ असं म्हणत तिघंही आले, आणि इतक्या सहज की वहिनींनी स्वतःची खुर्ची आणली होती.

फोन वाजला. "बाबा, जेवलात का?"

"ते नंतर. ऐक."

मी वाजवलं. करंगळी दंतवैद्यांच्या भाकिताप्रमाणे वागली, मधे एकदा बंदोबस्त पुढे गेला आणि चाल मागे राहिली. पण मी रे पर्यंत पोचलो, आणि शेवटी कडी लावली. धाडकन.

मी वाकून फोनला कान लावला. मला वाटलं, तुटला.

"बाबा? थांबलात का?"

"संपलं."

"संपलं कुठे? पुढे आहे ना अजून."

"पुढे काही नाही गं. तिथेच थांबायची ती. मी इतकी वर्षं ऐकलंय."

"अहो, पुढचं ती बाल्कनीत म्हणायची." मुलगी सहज बोलत होती, मला माहीतच असणार अशा सुरात. "तिथवर आली की बादली उचलायची आणि कपडे वाळत घालायला जायची. दार ओढून घ्यायची, तुम्हाला पेपर वाचताना उजेड डोळ्यांवर यायचा म्हणून. बाकीचं तिकडे. मी तिथेच अभ्यासाला बसायचे, मला रोज ऐकू यायचं."

वहिनींनी वळून बाल्कनीच्या दाराकडे बघितलं.

"तुला येतं?" मी विचारलं.

"येतं म्हणजे... आवाज नाही हं माझा चांगला. थांबा, खिडकी लावते, बाहेर गाड्या आहेत." ती उठून गेली, परत आली. "तुम्ही खाली वाजवा. पण बाबा, प्रत्येक सुराला नका देऊ. एकच कॉर्ड धरा आणि धरून ठेवा. वरचं जाऊ द्या त्याला जायचं तिकडे."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. बोटं उचलू नका फक्त."

मी सा-ग-प धरली. तिने रे पासून सुरू केलं. आवाज इतक्या लांबून येत होता की माझी कॉर्ड तिच्यापर्यंत पोचेतो ती पुढच्या सुरावर असायची, हे मला समजत होतं. आम्ही दोघं कधीच एका क्षणी एका जागी नव्हतो. पण बोटं उचलली नाहीत. तिचा सूर रे वरून पुन्हा थोडा वर गेला, दोरीवर काहीतरी टाकायला हात उंच करावा तसा, तिथे थोडा रेंगाळला, मग एकेक करत खाली आला. शेवटी इतका हळू सा वर टेकला की टेकला कधी ते कळलं नाही. माझ्या पट्ट्यांखालून तो सा आधीपासून वाजतच होता.

"आलं का, बाबा?"

"आलं."

"आता ठेवू? मला बाहेर निघायचंय, उशीर झालाय. पुढच्या रविवारी पुन्हा करू. रेकॉर्ड करायचं राहिलं."

"कर. पुढच्या रविवारी कर."

फोन बंद झाला. वहिनींनी डोळे टिपले आणि खुर्ची उचलली. दंतवैद्य म्हणाले, "करंगळीचं बघू आपण." वकीलसाहेब त्यांच्या मागोमाग जिना उतरले.

मग मी बाल्कनीत गेलो. ही गेल्यापासून कपडे मी मोरीतल्या दांडीवर वाळत घालतो, त्यामुळे इकडे यायचं कारण पडलं नव्हतं. दोरी सैल झाली होती, चिमट्यांवर धूळ. ती उभी राहत असेल तिथे उभा राहिलो, दोरीला हात पोचेल असा. दार ओढून घेतलं. दाराला डोळ्यांच्या उंचीवर वीतभर काच आहे, आणि त्या काचेतून समोरच माझी पेपर वाचायची खुर्ची दिसते. सरळ समोर, मान थोडीही न वळवता. हे मला माहीत नव्हतं.

मी रे पासून सुरू केलं. खुर्चीकडे बघत, हळू आवाजात, शेवटपर्यंत गेलो. एकदा चुकलो, मागे आलो, पुन्हा गेलो. सा लागला. आत काहीही हललं नाही. मग मी दोरी सोडून घट्ट बांधायला घेतली, आणि बांधता बांधता पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.